तिशीच्या आतला बीपी आणि बायांच्या वह्या



यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या पठारभागातल्या एका गटानं वाण म्हणून डबे-वाट्या वाटल्या नाहीत. आशाताईंना मशीन घेऊन बोलावलं आणि आलेल्या प्रत्येकीचा बीपी मोजला. हेच वाण. आज्या लगेच रांगेत बसल्या, कारण बीपी म्हणजे म्हातारपणाचं दुखणं अशी आपली समजूत. तरुण पोरी चहाच्या पातेल्याजवळून हलेनात. "आम्हाला काय झालंय?" म्हणाल्या. त्यातल्या एकीला हाताला धरून बसवलं. वय सत्तावीस. अंगानं काटकी, दिवसभर गोठा आणि रान. आकडा आला १५६ आणि १०२. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजला, तरी तसाच. दोन दिवसांनी मोजला, तरी तसाच.

तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, ही एवढीशी बारकी. बीपी जाड माणसाला असतो ना?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्हाला एक इतिहास सापडला. तो डॉक्टरांचा आहे, तसाच वह्या लिहिणाऱ्या बायांचाही आहे. आज तोच सांगतो.

नाडी बघणं आपल्याकडे फार जुनं. पण रक्ताचा दाब आकड्यात सांगता येत नव्हता. १७३३ साली इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स यांनी आपला प्रयोग छापला. त्यांनी घोडीच्या धमनीला काचेची उंच नळी जोडली, तर रक्त नळीत आठ फुटांच्या वर चढलं. माणसावर असं करता येणार कसं? १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा काढला. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली नळी लावून आवाज ऐकायची रीत सांगितली. तेव्हापासून दोन आकडे मिळू लागले. हृदय आवळतं तेव्हाचा वरचा आणि हृदय सैल पडतं तेव्हाचा खालचा. १२० आणि ८० च्या आत असेल तर चांगला. वरचा १४० किंवा खालचा ९० आणि त्यापुढे वेगवेगळ्या दिवशी येत राहिला, तर तो वाढलेला बीपी.

आकडा कळला, पण उपाय नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचा दाब ३०० आणि १९० मोजला गेला होता. जगातल्या सगळ्यात बलवान देशाच्या प्रमुखाची ही गत, तर बाकीच्यांचं काय!

पुढचं पाऊल आपल्या मुंबईत पडलं. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीनं दाब उतरतो हे पन्नास रुग्णांवर नीट मोजून दाखवलं. १९४९ साली त्यांचा लेख इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आला आणि आपल्या वैद्यांची ही मुळी जगभर गेली. म्हणून कुणी आज सर्पगंधा आणून उगाळू नका. तिनं मन खचू शकतं, असंही पुढे दिसून आलं. आता तिच्याहून चांगल्या गोळ्या आहेत.

औषध मिळालं, पण दाब वाढतो कशानं? त्यासाठी १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात एक साधं आणि चिवट काम सुरू झालं. ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ बाया-पुरुषांची ठरावीक वर्षांनी तपासणी करायची आणि लिहून ठेवायचं. कोण तंबाखू ओढतं, कुणाचं वजन किती, दाब किती, पुढे कुणाला काय झालं. माणसं आजारी पडण्याआधीच वही उघडली गेली, हे त्यातलं खरं नवं. १९६१ साली त्या डॉक्टरांनी या कारणांना 'जोखमीचे घटक' म्हटलं. जोखीम म्हणजे आजार होणारच असं नाही. घाटात गाडीचा ब्रेक सैल असणं म्हणजे जोखीम. अपघात होईलच असं नाही, पण आधी कळलं तर ब्रेक आवळता येतो.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. बारक्या माणसाला बीपी कसा?

इंग्लंडच्या हर्टफर्डशायर भागात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाई सुईणी आणि आरोग्यसेविकांच्या प्रमुख होत्या. त्याआधीच्या युद्धात सैन्यभरतीला आलेले तरुण फार अशक्त निघाले होते, म्हणून तिकडे तान्ह्या बाळांची काळजी सुरू झाली होती. १९११ पासून बर्नसाइडबाईंच्या हाताखालच्या बाया घरोघर जाऊन बाळाचं जन्माचं वजन, वर्षाचं झाल्यावरचं वजन आणि अंगावर दूध पितं का, हे वहीत लिहू लागल्या. त्या वह्या पुढे कपाटात पडून राहिल्या. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या लागल्या. त्यांनी त्या बाळांचं मोठेपणी काय झालं ते शोधलं. जन्माला आणि पहिल्या वर्षी ज्यांचं वजन कमी, त्यांच्यात हृदयविकारानं मरणारे जास्त निघाले. हा लेख १९८९ साली आला. लहान जन्मलेल्यांचा दाबही मोठेपणी जास्त असतो, हे अशाच दुसऱ्या नोंदींवरून कळलं. म्हणजे बीपीची एक मुळी आईच्या पोटातच रुजते.

हे झालं विलायतेतलं. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत बायांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. (मुंबईचं केईएम वेगळं, पुण्याचं वेगळं.) दिवस जाण्याच्या आधीपासून त्या काय खातात, किती राबतात, बाळ केवढं होतं, सगळं लिहिलं. तिथल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडच्या बाळांचं साडेतीन किलोच्या आसपास असतं. आपली बाळं हाडामांसानं बारीक, पण त्या मानानं अंगात चरबी राखून होती. दिसायला बारकं म्हणजे आतून निरोगी, हा समज तिथं मोडला. ज्या आयांच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध होतं त्यांची बाळं भरली. ज्या फार राबल्या त्यांची लहान राहिली. तीच मुलं अठरा वर्षांची झाल्यावर तपासली, तर जवळपास निम्मी कमी वजनाची होती, आणि तरीही मुलग्यांमध्ये तिघांत एकाहून जास्त जणांची साखर वाढलेली होती. साखर आणि दाब तर जोडीनं फिरणाऱ्या जावा.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आमच्या आज्या आठवल्या. १९७२ च्या दुष्काळात पोटुशा बाया सुकडी खाऊन खडी फोडत होत्या. त्यांनी काय सोसलं ते कुठल्याच वहीत नाही.

दुसरी मुळी आपल्या संगमनेरात सगळ्यांच्या ओळखीची आहे. संगमनेर आणि सिन्नर ही विड्यांची गावं. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायांच्या कष्टावर कितीतरी चुली पेटल्या, मुलं शिकली. त्यांच्यासाठी १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा. त्या कष्टाला आम्ही नावं ठेवत नाही. पण तंबाखू घरात आली की दातालाही लागते. सकाळची मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरडीतून रक्तात जाते आणि हृदयाचे ठोके आणि दाब दर वेळी वर ढकलते. पोटुशी बाई मिश्री लावते तेव्हा बाळही बारीक राहतं. म्हणजे आईची मिश्री लेकीच्या बीपीपर्यंत पोचू शकते.

तिसरी मुळी मिठाची. १९३० साली मिठावरच्या कराविरुद्ध गांधीजी दांडीला गेले. मुंबईच्या समुद्रकाठी कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांनी मीठ तयार केलं, कोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला. तेव्हा मीठ गरिबाच्या हक्काचं होतं आणि आजही आहे. पण आता ते न मागता येतं. पापड-लोणचं घरचंच, त्यावर शेव, फरसाण, वेफर्स, नूडल्स. जागतिक आरोग्य संघटना सांगते, एका माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचाभर मीठ पुरे. आपण त्याहून बरंच जास्त खातो.

आणि चौथी गोष्ट खास बायांची. आमच्या त्या सत्तावीस वर्षांच्या मैत्रिणीनं नंतर बाळंतपणाचं कार्ड शोधून आणलं. आठव्या महिन्यात तिचा बीपी वाढला होता, कार्डावर स्पष्ट लिहिलेलं. बाळ झालं, सगळे आनंदले आणि त्यानंतर चार वर्षं कुणीच तिचा दंड मशीनमध्ये घातला नाही. तिनंही नाही, आम्हीही नाही. गरोदरपणात ज्यांचा दाब वाढतो, त्यांना पुढे बीपी होण्याची जोखीम जास्त असते. हे आम्हाला माहीत असतं, तर चार वर्षं गेली नसती.

बीपी आवाज करत नाही. डोकं दुखेलच, चक्कर येईलच असं नाही. सरकारच्या तपासणी मोहिमेतलं वयही तिशीपासून पुढचं. म्हणून अठरा ते तीसमधल्या सुना, लेकी आणि पोरं वहीत येतच नाहीत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांपुढच्या शंभरातल्या २१ बायांचा आणि २४ पुरुषांचा दाब वाढलेला किंवा गोळी चालू असलेला निघाला. त्यात तरुणही आहेत.

मग करायचं काय? आई-वडिलांना बीपी असेल, जन्माला वजन कमी असेल, बाळंतपणात दाब वाढला असेल, तंबाखू-मिश्री असेल, पोट सुटलं असेल, दारू पिण्यात असेल, तर तिशीची वाट पाहू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन वर्षातून एकदा तरी मोजा. गर्भनिरोधक गोळ्या किंवा रोज दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनीही दाब वाढू शकतो. तरुणपणीच दाब जास्त निघाला, तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. गोळी सुरू झाली तर मनानं बंद करू नका. आणि मूल हवं असेल तर तेही आधी सांगा, कारण काही गोळ्या त्या काळात चालत नाहीत.

आमच्या गटाच्या वहीत बचतीच्या रकान्याशेजारी आता एक रकाना वाढवलाय. दर तीन महिन्यांनी प्रत्येकीचे दोन आकडे. ज्या मैत्रिणीपासून हे सुरू झालं तिची गोळी चालू आहे, मिश्री सुटायला वेळ लागतोय, आकडा हळूहळू उतरतोय. सासूबाईंनीही स्वतःहून पापडखार कमी केलाय.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास ठेवा. आशाताईंना बोलवा. आज्या बसतीलच, चहाच्या पातेल्याजवळच्या पोरींना आधी बसवा.