दागिना काढण्याची विद्या



यंदा आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघायची, तेव्हा संपादनाचे काम पाहणाऱ्या मैत्रिणींनी ‘तुम्ही सोन्याविषयी काहीतरी लिहा’ अशी गळ घातली. सोन्याचे घाट आणि सोन्याची हौस यांवर लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते नाकाकानातले सोने उतरवण्याविषयी. हा विषय सांगताच एकदोघींच्या कपाळाला आठी पडली. मंगल प्रसंगाच्या अंकात हे कसले अभद्र! पण ती आठी का पडते, त्याचाच थोडा इतिहास मला आज सांगायचा आहे.

आपली भाषाच पाहा. बांगडी फुटली असे आपण म्हणत नाही, ती ‘वाढवली’ म्हणतो. मंगळसूत्र तुटले तरी तेही वाढवले. घराबाहेर पडताना ‘जाते’ म्हणायचे नाही, ‘येते’ म्हणायचे. दागिना लेण्याला, घालण्याला, चढवण्याला हौसेचे शब्द आहेत. काढण्याला मात्र एकही निर्भय शब्द नाही. कारण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायकांच्या नाकातली नथ उतरली ती बहुधा एकाच दिवशी, आणि तो दिवस कुठला हे सांगायला नको.

मी बारा वर्षांची असतानाची, म्हणजे 1971 सालची गोष्ट. माझ्या आत्याच्या पोटात दुखू लागले म्हणून तिला शहरातल्या एका रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया सांगितली. आत घेण्यापूर्वी तिथल्या सिस्टर म्हणाल्या, ‘‘बाई, अंगावरचे सगळे काढा.’’ आत्याने बांगड्यांना चिंधी गुंडाळली, कानातल्या कुड्या कशाबशा निघाल्या. नाकातल्या चमकीला मात्र ती हात लावू देईना. यजमान बाहेर बाकावर बसलेले. ‘‘ते सुखरूप आहेत ना? मग मी चमकी का उतरवू?’’ असे म्हणून ती रडू लागली. लग्नापासून ती चमकी एकदाही निघाली नव्हती. आतली फिरकी मळाने घट्ट बसलेली. कोणीतरी चिमट्याने ओढून पाहिली, तेव्हा रक्त आले आणि नाकपुडी सुजली.

शेवटी माझ्या वडिलांनी घरी धाव घेऊन आजीला आणले. आजी म्हणजे आत्याची आई. ती 1943 साली विधवा झालेली. तिचे नाक, कान, हात, सगळे रिकामे. घरातल्या मंगळागौरीला ती माजघराच्या दाराआड बसायची. तिने वाटीभर कोमट मिठाचे पाणी मागितले, साबणाने हात धुतले. आत्याला मान पुढे झुकवून तोंडाने श्वास घ्यायला सांगितला. कापसाचा ओला बोळा नाकपुडीला बराच वेळ धरून ठेवला. खपली मऊ झाल्यावर एक बोट आत घालून फिरकी धरली आणि बाहेरून चमकी हलके हलके फिरवली. दोन मिनिटांत चमकी तिच्या तळहातावर आली. मग उकळत्या पाण्यातून काढलेला बारीक दोरा तिने त्या भोकात ओवला, सैलशी गाठ मारली आणि म्हणाली, ‘‘रडू नको बाय. काढली नाही, बदलली. सोन्याच्या जागी सूत आहे एवढेच.’’

आत्या शांतपणे आत गेली आणि बरी होऊन घरी आली. पुष्कळ दिवसांनी मी आजीला विचारले, ‘‘तुला हे कोणी शिकवले?’’ ती म्हणाली, ‘‘माझी नथ ज्या दिवशी काढली, त्या दिवशी काढणाऱ्यांतल्या कोणालाच येत नव्हते.’’ तिच्या डाव्या नाकपुडीवरचा पांढरा वण तोवर मी देवीचा समजत होते. नंतर तिने सोनाराच्या बायकोकडून ही कला मुद्दाम शिकून घेतली होती, दुसऱ्या कोणाचे नाक फाटू नये म्हणून.

आजीचे ते वाक्य मनात घेऊन मी पुढे जमेल तसे जुन्या ग्रंथांत डोकावले. तिथे जे सापडले त्याने मला आश्चर्य वाटले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्याविषयी आहे. बाळाला सहाव्या किंवा सातव्या महिन्यात मांडीवर घ्यावे, खेळण्यांनी रमवावे, कान उन्हाकडे धरून ज्या ठिकाणी पातळ उजेड दिसेल तिथेच टोचावे. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा, असे त्यात सांगितले आहे. टोचल्यावर सोने नव्हे, कापसाची वात घालायची आणि दर तीन दिवसांनी ती बदलून थोडी जाड घालायची. म्हणजे बदलणे हा त्या विधीचाच भाग होता. आणि चुकीच्या जागी टोचले गेले, कान सुजला, दुखू लागला, तर काय करावे? सुश्रुत स्वच्छ सांगतो की वात ताबडतोब काढावी, लेप लावून जखम भरू द्यावी, आणि चांगली भरल्यावर पुन्हा टोचावे. यात अशुभाचा वासही नाही.

फाटलेली कानाची पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार याच अध्यायात आहेत, आणि तुटलेले नाक नव्याने घडवण्याची रीतही. ही विद्या ग्रंथात पडून राहिली नव्हती. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या एका गाडीवानाला पुण्याकडच्या एका कसबी माणसाने कपाळाच्या कातडीचे नाक बसवले, ती हकिगत 1794 साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि पुढे तिकडच्या शल्यवैद्यांनी ती रीत उचलली.

आता नथीकडे वळू. नथ ही अनादि काळापासून चालत आली आहे असे आपण धरून चालतो. पण कार्ल्याच्या लेण्यांतल्या, वेरूळच्या किंवा अजिंठ्याच्या स्त्रिया आठवून पाहा. कानात मोठमोठी कुंडले, गळ्यात हार, कमरेला मेखला. नाक मात्र मोकळे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर एक मोठा निबंध लिहिला आहे. इसवी सन हजारच्या आधी आपल्याकडे नाकातल्या दागिन्याचा भरवशाचा पुरावा मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने देशी शब्दांच्या कोशात ‘णत्था’ हा शब्द दिला आहे, त्याचा अर्थ जनावराची नाकातली दोरी, आपण जिला वेसण म्हणतो ती.

मी नथीचा द्वेष करते असे कृपा करून समजू नका. मोत्यांची नथ माझ्याही पेटीत आहे, आणि सणावाराला ती घातल्यावर आरशासमोर मी जरा जास्तच वेळ रेंगाळते. माझे म्हणणे इतकेच, की जी वस्तू एका काळी आली, तिच्याभोवतीचे नियमही माणसांनीच घातले. ते देवाघरून आलेले नाहीत.

दागिन्याचे ओझे आपल्या आज्यापणज्यांना कळत नव्हते असेही नाही. नाकापेक्षा मोती जड ही म्हण त्यांचीच. कानातल्या जड अलंकाराचा भार पाळीवर पडू नये म्हणून मोत्यांचे वेल केसांत अडकवण्याची युक्ती त्यांचीच. भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घालून ठेवणाऱ्याही त्याच. ‘सोनारानेच कान टोचावेत’ या म्हणीतही जाणत्या हाताचा मान आहे. मात्र टोचणाऱ्या हाताची म्हण झाली, काढणाऱ्या हाताची झाली नाही.

आता थोडे कामाचे. आज आपल्या मुली आणि नाती कानाच्या पाळीला दोनतीन भोके पाडतात, बुगडीच्या जागी बाळी घालतात, भुवईत आणि बेंबीतही दागिना घालतात. त्यांच्यावर रागावण्यापेक्षा त्यांना काढण्याची आणि बदलण्याची रीत शिकवणे बरे.

पहिली गोष्ट धीराची. टोचलेली पाळी भरायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, नाकपुडीला काही महिने, आणि कानाच्या वरच्या भागातल्या मऊ हाडाला कधी कधी वर्षदेखील. तोवर हौसेने दागिना बदलू नये. मऊ हाडाला रक्ताचा पुरवठा कमी, त्यामुळे तिथे पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. म्हणून बुगडीची जागा सुजली, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ताज्या जखमेला तेलहळद लावण्यापेक्षा औषधाच्या दुकानात मिळणारे सलाईनचे पाणी चांगले.

दुसरी गोष्ट काढण्याची. आधी साबणाने हात धुवावेत. कोमट पाण्याने खपली भिजवावी, नखाने खरवडू नये. कुडीची फिरकी मळसूत्री असेल तर पुढून कुडी घट्ट धरून मागची फिरकी घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने सोडवावी; बोट निसटत असेल तर कोरड्या फडक्याने धरावी. दाबाची फिरकी असेल तर ती न पिळता सरळ मागे ओढावी. नाकातली चमकी काढताना आजीची रीत विसरू नये : मान पुढे आणि श्वास तोंडाने. मान मागे टाकून काढताना आतली फिरकी घशात, अगदी श्वासनलिकेतही गेल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत.

तिसरी गोष्ट बदलण्याची. नवा दागिना आधी स्वच्छ करून हाताशी ठेवावा, कारण नाकपुडीचे भोक फार लवकर आकसते. जात नसेल तर जोर करू नये. भोवती पू असेल, ताप असेल, किंवा फिरकी पाळीच्या मांसात रुतली असेल, तर आपण होऊन ओढू नये. वरून भोक बुजते आणि पू आत कोंडतो. काढायचे की ठेवायचे हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

धातूचेही पाहावे. नकली दागिन्यांत पुष्कळदा निकेल असते आणि खाज, पाणी सुटणे या तक्रारींचे ते नेहमीचे कारण आहे. सोने म्हटले की ते शुद्धच असते असेही नाही. 1963 साली सुवर्णनियंत्रण आले तेव्हा नवा दागिना 14 कॅरटपेक्षा चोख करायला बंदी झाली होती, म्हणजे त्यात शंभरात जेमतेम अठ्ठावन्न भाग सोने. त्या वेळी घरोघरी केवढी हळहळ झाली ते आमच्या वडीलधाऱ्या सांगत. पुढे तो कायदा 1990 साली गेला. आता 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा झाला आहे. तो पाहूनच नाकाकानाचे सोने घ्यावे.

आणि शस्त्रक्रियेच्या वेळी दागिना का काढायचा, तेही समजून घ्यावे. रक्तस्राव थांबवायला विजेचे उपकरण वापरतात, त्याने धातूजवळची कातडी भाजू शकते. एम. आर. आय.च्या यंत्रात तर मोठे चुंबकच असते. नाकातला सुटा दागिना बेशुद्धीत श्वासनलिकेत जाण्याचे भय निराळेच. भोक बुजण्याची भीती वाटत असेल तर हल्ली दागिन्याच्या जागी घालायला प्लास्टिकची काडी मिळते. आमच्या आजीच्या दोऱ्याचीच ती धाकटी बहीण. मात्र तीही डॉक्टरांना विचारूनच ठेवावी.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या गावाने मे 2022 मध्ये ठराव करून पतीच्या मृत्यूनंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही हा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. ती बातमी वाचली त्या दिवशी मला आजीच्या नाकपुडीवरचा तो वण आठवला. दागिना कोणी ओढून काढायचा नाही, हा या ठरावाचा अर्थ. पण त्याची दुसरी बाजूही आहे. ज्या दिवशी कोणी जबरदस्तीने काढणार नाही, त्या दिवशी आपल्या हाताने काढायचीही भीती उरणार नाही.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या वाटणीचे वाण मी ठरवून ठेवले आहे. आत कापूस घातलेली एकेक लहानशी डबी, उतरवलेला दागिना जपून ठेवायला. ती मी मंडळातल्या सगळ्याजणींना देणार आहे, ज्यांचे यजमान आहेत त्यांना आणि ज्यांचे नाहीत त्यांनाही. माझ्या आजीला कधी कोणी वाण दिले नाही. निदान तिच्या विद्येचे वाण तरी आपण घरोघर पोचवू.