कार्बनी वंगणाचा इतिहास : ग्राफाइटपासून फ्लुओरिनयुक्त ग्राफिनपर्यंत

प्रस्तावना :
कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेल्या रेवदंड्यात खारी हवा लोखंडाला फार काळ धड राहू देत नाही. अडलेल्या कुलपात तेल न घालता किल्लीला पेन्सिलीचे शिसे चोळण्याची रीत प्रस्तुत लेखकाने येथे पाहिली आहे. तेलावर वाळू धरते, कोरड्या भुकटीवर तितकी धरत नाही, हे त्यामागील व्यवहारज्ञान होय. हे ‘शिसे’ वस्तुतः ग्राफाइट. ते निसरडे का, याचे ‘त्याचे थर एकमेकांवर सहज घसरतात’ असे उत्तर आपण वर्गात देतो. हे उत्तर अपुरे आहे. ते कसे अपुरे ठरत गेले, याचा आढावा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

थरांची उपपत्ती :
रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट उभा राहिला त्याच सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे शुद्ध ग्राफाइटचा साठा सापडला. तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून त्याचा लेप देत असत. निसरडेपणाचा उपयोग असा आधी झाला, कारण मात्र विसाव्या शतकात शोधले गेले. १९२४ मध्ये बर्नाल यांनी ग्राफाइटची स्फटिकरचना निश्चित केली. एका थरातील शेजारी अणूंत ०.१४२ नॅनोमीटर, तर दोन थरांत ०.३३५ नॅनोमीटर अंतर असते. थरांमधील बंध दुर्बल, म्हणून ते घसरतात, ही उपपत्ती याच दशकात रूढ झाली.

तिला धक्का दिला तो दुसऱ्या महायुद्धातील विमानांनी. उंचावरील विरळ, कोरड्या हवेत विद्युतजनित्रांचे कार्बनी ब्रश झपाट्याने झिजू लागले. १९४८ मध्ये सॅव्हेज यांनी दाखवून दिले की, ग्राफाइटला वंगण म्हणून काम करण्यास बाष्पासारख्या वायूची सोबत लागते. थरांच्या कडांवरील अतृप्त बंध बाष्पाने शमतात. निर्वातात तेच ग्राफाइट झिजते. म्हणजे रेवदंड्याच्या कुलपातील निसरडेपणात दमट हवेचाही वाटा आहे.

फ्लुओरिनीकरण :
रुफ व ब्रेटश्नायडर यांनी १९३४ मध्ये ग्राफाइट फ्लोराइड तयार केले. प्रत्येक कार्बन अणूला फ्लुओरिन जोडला गेला की सपाट थर वळीदार होतो आणि थरांतील अंतर सुमारे दुप्पट होते. १९७० च्या सुमारास अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेतील फुसारो व स्लायनी यांनी हा पदार्थ कोरड्या हवेतही उत्तम वंगण ठरतो, हे प्रयोगाने सिद्ध केले. पुढे कार्बनी नॅनोतंतूंवरील फ्रेंच अभ्यासांत केवळ बाहेरचे थर फ्लुओरिनयुक्त केले तरी घर्षण घटते, असे आढळले. यावरून ‘फ्लुओरिन वाढवा, घर्षण घटवा’ असा नियम सांगता येईल, असे वाटणे स्वाभाविक होते.

एका थराचा प्रश्न :
२००४ मध्ये ग्राफिन वेगळे करण्यात आले. त्याच वर्षी लायडेन येथील प्रयोगात ग्राफाइटचा सूक्ष्म पापुद्रा ठरावीक कोनांत फिरवताच घर्षण जवळजवळ नाहीसे झाले. दोन पृष्ठांची जाळी एकमेकांत बसली की ती अडते, न बसली की सरकते. २०१० मध्ये थर जितके कमी तितके घर्षण अधिक, असे दिसून आले, कारण पातळ थर टोकाखाली सुरकुततो. २०१२ मध्ये कोरियातील संशोधकांना फ्लुओरिनयुक्त ग्राफिनवर सूक्ष्म टोक फिरवताना साध्या ग्राफिनपेक्षा सुमारे सहापट घर्षण आढळले. त्यांनी याचे कारण थराच्या वाढलेल्या ताठरपणात शोधले. २०१४ मधील अभ्यासाने मात्र ते पृष्ठावरील ऊर्जेच्या वाढलेल्या चढउतारांत दाखविले. भुकटीला निसरडी करणारा फ्लुओरिन एकट्या थराला अडखळवतो. यात विसंगती नाही. भुकटीत अनेक थर एकमेकांवर सरकतात, येथे एकच टोक अणूंच्या उंचवट्यांवरून जाते.

निष्कर्ष :
निसरडेपणा हा केवळ पदार्थाचा गुण नसून रचना, सभोवतालची हवा आणि मोजमापाची पातळी यांतील संबंध आहे, असे या इतिहासावरून म्हणता येते. रेवदंड्याच्या कुलपालाही हे लागू आहे. ज्या ओलाव्यामुळे ग्राफाइट घसरते, तोच ओलावा खारा असला की ग्राफाइटच्या सान्निध्यात लोखंड अधिक गंजते. ती रीत म्हणून चूक ठरत नाही, पण तिची मर्यादा कळते. आपल्या पाठ्यपुस्तकांतील त्या एका वाक्यालाही अशी मर्यादा जोडून शिकविणे अध्यापकांना सहज शक्य आहे.