चाकोरीबाहेर: घर पाठीवर घेतलेल्या गाड्यांची गोष्ट

आमच्या खारदांड्याच्या गल्लीत गेल्या हिवाळ्यात एक पिकअप उभी होती. मागच्या हौद्यावर प्लायवूडचा एक मोठा खोका, त्याला खिडकी, खिडकीला चक्क पडदा. मित्राची गाडी. खोक्यात दोघांना झोपता येतं, गॅसची छोटी शेगडी आहे, टपावर शंभर लिटरची पाण्याची टाकी. परदेशात याला ट्रक कॅम्पर म्हणतात. शेजारच्या कोळीण मावशींनी मासे साफ करता करता वर पाहिलं आणि विचारलं, "काय गो, यो घर का गारी?"

प्रश्न बरोबर होता. डिसेंबरात हीच गाडी जुन्नरच्या पुढे, घाटघरच्या अलीकडे एका कच्च्या वाटेवर इतकी कलली की आम्हाला दोघांनाही त्याचं उत्तर सापडेना. घर म्हणून ती फार उंच होती आणि गाडी म्हणून फार जड.

माझं पीएचडीचं काम दाणेदार पदार्थांवर आहे, म्हणजे वाळू, मुरूम, धान्य असे पदार्थ भार पडल्यावर कधी घट्ट राहतात आणि कधी वाहायला लागतात यावर. प्रयोगशाळेत हे सगळं काचेच्या पेटीत, बारीक मण्यांवर चालतं. घाटघरच्या वाटेवर पहिल्यांदा मी स्वतः त्या पेटीत बसले होते. परत आल्यावर जरा इतिहास वाचायला घेतला, आणि लक्षात आलं की घर पाठीवर घेऊन वाट नसलेल्या ठिकाणी जाणं ही आपल्याकडे सुट्टीची हौस म्हणून सुरूच झालेली नाही.

आधी एका शब्दाबद्दल. इंग्रजीत ज्याला 'ऑफ-रोड' म्हणतात त्यासाठी मराठीत शब्द नाही असं मित्राचं म्हणणं. आहे की! चाकोरी. चाकोरी म्हणजे गाड्यांच्या चाकांनी जमिनीत पडलेली जोडघळ. आपण 'चाकोरीबाहेरचं' म्हणतो तेव्हा आपल्याला करिअर वगैरे आठवतं, पण गाडीवानासाठी चाकोरीबाहेर जाणं म्हणजे खरोखरच चाक घळीतून बाहेर काढणं, आणि ते जोखमीचं काम होतं. आमची गाडी कलली ती याच कारणाने. ती वाट ट्रॅक्टर-ट्रॉलीने पाडलेली. पिकअपच्या दोन चाकांमधलं अंतर ट्रॅक्टरच्या अंतराशी जुळत नाही, त्यामुळे एक चाक घळीत आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर. त्यात वाट आधीच एका बाजूला उतरती.

मुळात सह्याद्रीच्या वाटा चाकासाठी केलेल्याच नव्हत्या. आम्ही जिथे अडकलो तिथून नाणेघाट जवळच. सातवाहनांच्या काळापासून वापरात असलेली वाट, वर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण, गुहेत नागनिकेचा शिलालेख. खाली कोकणाकडे उतरणारी वाट दगडी पायऱ्यांची आहे. बैलाचा खूर तिच्यावर ठरतो, चाक ठरत नाही. म्हणून घाटावरची वाहतूक शतकानुशतकं पाठीवरून झाली. बंजाऱ्यांचे म्हणजे लमाणांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून चालत. मुघल फौजांना त्यांनी रसद पुरवली, १८०३ च्या युद्धात आर्थर वेलस्लीच्या सैन्यालाही पुरवली. त्या तांड्यात बायका-मुलं, भांडी, पालं सगळं सोबत असे. घर मागे ठेवून प्रवासाला निघायचं ही कल्पनाच तिथे नाही.

भार अनेक पाठींवर वाटून टाकणं ही कच्च्या जमिनीवरची सर्वात जुनी युक्ती. एक बैल रुतला तर एकाचंच ओझं उतरवायचं. गाडीत सगळं एकाच जागी असतं.

घाटातून गाडीरस्ता व्हायला वेळ लागला. बोरघाटाचा गाडीरस्ता जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० मध्ये खुला झाला, आणि त्याच घाटातून रेल्वे गेली १८६३ मध्ये. पण रस्ता झाला म्हणून गाडी चांगली होती असं नाही. त्या काळातल्या देशावरच्या गाड्यांना दगडाची किंवा सलग लाकडाची चाकं असत, आणि नुसती गाडी ओढायलाच बैलांच्या जास्त जोड्या लागत. १८३०च्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सोलापूरकडे टेंभुर्णीला हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या बनवायचा कारखाना काढला. आज जी बैलगाडी आपल्याला अनादी काळापासूनची वाटते ती बऱ्याच अंशी या सुधारणेची लेक आहे. (मला स्वतःला हे वाचून धक्का बसला होता. लहानपणी चित्रकलेच्या वहीत काढलेली बैलगाडी म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं नवं यंत्र!)

नव्या चाकाला लोखंडी धाव, म्हणजे अरुंद पट्टी. कठीण रस्त्यावर उत्तम, पण मऊ जमिनीत ती सुरीसारखी उतरते. इथे माझ्या विषयातला एक साधा नियम येतो. जमीन वजनाला तेवढी घाबरत नाही, जेवढी दाबाला घाबरते. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला तर दर चौरस इंचावर साधारण पाच पौंड दाब पडतो. हवेच्या टायरचं गणित आणखी सोपं, टायर जमिनीवर जवळपास तेवढाच दाब देतो जेवढा त्याच्या आत हवेचा असतो. कारच्या टायरमध्ये तीसेक पौंड, भरलेल्या ट्रकच्या टायरमध्ये शंभराच्या आसपास. म्हणजे वाळूत जायचं असेल तर इंजिनापेक्षा पंपाकडे बघायचं. हवा काढली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग वाढतो, दाब उतरतो.

हे नीट वापरून दाखवणारा माणूस योगायोगाने माझ्या विषयाचा आजोबाच आहे. राल्फ बॅग्नोल्ड, ब्रिटिश सैन्यातला इंजिनिअर. १९२०-३०च्या दशकांत तो सुट्टी काढून, फोर्ड गाड्यांमध्ये पाणी, पेट्रोल आणि अंथरुणं भरून लिबियाच्या वाळवंटात जायचा. टायरमधली हवा कमी करायची, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हाळी घालायच्या (त्या त्याला कैरोच्या भंगारवाल्याकडे मिळाल्या, पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छपरासाठी बनवलेल्या), उकळणाऱ्या रेडिएटरची वाफ डब्यात पकडून पुन्हा पाणी करायचं. पुढे १९४१ मध्ये त्याचं उडत्या वाळूच्या भौतिकशास्त्रावरचं पुस्तक आलं. आजही आमच्या प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात त्याचं नाव असतं. त्याने १९४० मध्ये उभ्या केलेल्या वाळवंटी गस्ती दलासोबत पुढे एक भारतीय तुकडीही काम करू लागली.

युद्ध संपलं आणि जीप मुंबईत आली. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून माझगावात जोडायला सुरुवात केली, पुढे कांदिवलीत कारखाना आला. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४७ पासून कुर्ल्यात गाड्या बाहेर काढत होती. हा सगळा इतिहास कारखान्यांच्या बाजूने भरपूर लिहिलेला आहे, मी तो इथे उगाळत नाही. मला रस आहे तो या ट्रकांच्या हौद्यात कोण राहिलं यात.

तमाशाचे फड राहिले. आधी बैलगाड्या होत्या, मग ट्रक आले. दसऱ्याला फड बाहेर पडायचा आणि उन्हाळ्यातल्या जत्रा संपेपर्यंत गावोगाव हिंडायचा. जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला पाडव्याच्या आधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, तिथे गावोगावचे पुढारी येऊन तारखा घेतात. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं. हौद्यात स्टेजच्या फळ्या, कनाती, लोखंडी खांब, जनरेटर, पेट्या, आणि त्याच्यावर माणसं. रात्री खेळ, पहाटे सगळं आवरून पुढचं गाव. झोप ट्रकात, ट्रकखाली, नाहीतर तंबूत. गाव डांबरी रस्त्यावर असेलच असं नाही, आणि जत्रेचं मैदान तर हमखास नांगरलेल्या शेताच्या पलीकडे. विठाबाई नारायणगावकरांनी ऐन खेळाच्या रात्री बाळंत होऊन, दगडाने नाळ तोडून पुन्हा बोर्डावर उभं राहिल्याची हकीकत आपण शौर्यकथा म्हणून सांगतो. मला हल्ली ती ऐकताना वेगळाच प्रश्न पडतो. त्या रात्रीनंतर ते तान्हं मूल कुठे झोपलं असेल, आणि पुढच्या गावाची वाट कशी असेल?

टुरिंग टॉकीजची गोष्ट याच जातीची, फक्त ओझं आणखी नाजूक. यात प्रोजेक्टर ट्रकमध्येच बसवलेला असतो. ट्रक तंबूला मागून लावायचा आणि मागच्या बाजूने झोत पडद्यावर टाकायचा. २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवलेल्या शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात महाराष्ट्रातल्या जत्रांमधले असे म्हातारे ट्रक दिसतात. गंजलेले, धक्का दिल्याशिवाय सुरू न होणारे. पण मी ते बघताना लोखंडाकडे बघत होते. एवढा जड प्रोजेक्टर हौद्याच्या तळावर, खाली. उंचावर काय, तर कापड आणि माणसं.

आता घाटघरला परत येते, कारण हिशोब तिथेच पटतो.

गाडी कधी उलटेल हे ढोबळमानाने दोन आकड्यांवर ठरतं, दोन चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य पाऊण मीटरवर असेल तर गाडी कागदावर ४५ अंशांपर्यंत टिकते. हौद्यावर खोका चढवून तोच मध्य १.१ मीटरवर नेला की ३४ अंश. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण कलत्या बाजूचे पाटे आणि टायर दबतात, दोरीने आवळलेला खोका थोडा सरकतो, आणि अर्धी भरलेली टाकी असेल तर पाणी नेमकं खालच्या बाजूला धावतं. आमची टाकी अर्धी भरलेली होती.

बांधावरून एक काका सगळं बघत होते. जवळ आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पहिलं वाक्य, "आधी ते वरचं पाणी सोडा." दुसरं, "आन् तुम्ही दोघं खाली उतरा की, बसलाय काय!" पाणी सोडलं. मग त्यांनी आम्हाला दगड गोळा करायला लावले, खालच्या चाकाच्या पुढे चाकोरीत भरायला. अर्धा तास दगड वाहिले. मित्र पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पुढे गेला, खालचं चाक दगडांवर चढलं आणि खोका सरळ झाला. एकदा मागून कर्रर्र असा आवाज आला तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते लिहीत नाही.

घरी येऊन गणित केलं. गाडी, खोका, सामान मिळून अडीच टन धरले आणि भरलेली, शंभर किलोची टाकी सव्वादोन मीटर उंचीवर. ती पूर्ण रिकामी केली तर गुरुत्वमध्य फक्त पाचेक सेंटिमीटर उतरतो. मर्यादा ३४ वरून साडेपस्तीस अंशांवर जाते. जेमतेम एका अंशाचा फायदा, आणि आमची तर अर्धीच होती! खालचं चाक दगडांनी वीस सेंटिमीटर उचललं, त्याने मात्र गाडीचा कल साडेसात अंशांनी कमी झाला. म्हणजे आम्हाला वाचवलं ते दगडांनी. मग काकांनी पाणी आधी का सोडायला लावलं? मला वाटतं हिंदकळण्यामुळे. गाडी दगडावर चढताना हिसका बसणार, आणि त्या क्षणी टपावर पाणी इकडून तिकडे धावायला नको. स्थिर गाडीचं माझं गणित ते पकडतच नाही. ट्रॉलीत ऊस किंवा कडबा भरून याच वाटेने जाणाऱ्या माणसाला ते गणिताशिवाय ठाऊक असतं.

ऊस म्हटल्यावर आणखी एक घर आठवतं. बीड, अहिल्यानगरकडून दरवर्षी ऊसतोडीला निघणारी कुटुंबं ट्रक नाहीतर ट्रॅक्टर-ट्रॉलीत चूल, भांडी, कोंबड्या, लहान मुलं घेऊन निघतात. कारखान्यावर पोचल्यावर कोपी उभी करायची, आणि शेतातून ऊस काढायला टायरगाडी, म्हणजे बैलगाडीला हवेचे टायर. लोखंडी धावेची गाडी पाणी दिलेल्या उसात रुतली असती, टायरमुळे तीच बैलजोडी जास्त ओझं ओढते. दाबाच्या नियमाचा महाराष्ट्रातला सर्वात मोठा वापर हा असावा. त्याचा फायदा कोणाच्या पदरात किती पडला हा वेगळा लेख आहे, आणि तो माझ्यापेक्षा अर्थशास्त्रातल्या कोणी लिहिलेला बरा.

सध्या मी ओहोटीच्या वेळी दांड्याच्या किनाऱ्यावर एक बाळबोध प्रयोग करते. लोखंडी चकती, तिच्यावर वजनं, आणि ती किती रुतते ते पट्टीने मोजायचं. कोरड्या वाळूत चकती झटकन जाते, ओलसर वाळूत बराच वेळ टिकते, कारण दाण्यांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांना धरून ठेवतं. पाणी जास्त झालं की पुन्हा सगळं ढिलं. मावशी हे बघून हसतात. होडी कुठून ओढायची ते त्यांच्या घरात कोणी मोजून ठरवलेलं नाही.

मित्राने टाकी टपावरून काढून खोक्यात जमिनीलगत, पलंगाखाली बसवली आहे. त्यामुळे पलंग वीतभर वर आला, छप्पर डोक्याला लागतं, आणि उठताना रोज एकदा तरी टाळकं आपटतं. चाकांखाली घालायला दोन जाड फळ्या घेतल्या आहेत, त्या तो खोक्याच्या तळाशी ठेवतो. पुढच्या महिन्यात पुन्हा घाटघर. या वेळी काकांसाठी दांड्याचे सुके बोंबील न्यायचेत.