पेट्रोल पंपावरचा मायकेल

१९४० चा हिवाळा, इंग्लंडमधलं ब्रिस्टल. कालयंत्रातून उतरताच मोबाइल बंद करा. शहरात अंधाराचा हुकूम आहे. पडद्याच्या फटीतून उजेड दिसला तरी वॉर्डन ओरडतो. तुमच्याजवळ ओळखपत्र नाही, तेव्हा पोलिसाच्या नजरेला पडू नका. मोटारीत पेट्रोल भरायचं तर कूपन लागेल, आणि कंपनीचं नाव विचारू नका. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यापासून सगळ्यांचं मिळून ‘पूल’ नावाचं एकच पेट्रोल मिळतं.

तुम्ही एका गॅरेजात शिरता. पंपावर पंचविशीचा एक जण उभा आहे. खांदे रुंद, हात ग्रीसने काळे, आवाज जाड. तो नळी काढून टाकीत घालतो. तेवढ्यात आतून कोणीतरी ओरडतं, “कूपन तिच्याकडे द्या!”

तुम्ही आजूबाजूला पाहता. बाई कुठेच दिसत नाही. पंपावरचा माणूस मुकाट्याने हात पुढे करतो. तुम्ही कूपन देता, तो मान खाली घालून टाकीचं झाकण लावतो, आणि काय झालं हे कळायच्या आत तुम्ही रस्त्याला लागलेले असता.

हा मायकेल डिलन. जन्म १९१५ चा. जन्मदाखल्यावर तो मुलगी आहे, आणि ऑक्सफर्डला असताना विद्यापीठाच्या महिला बोट क्लबचा अध्यक्ष होता. ते खांदे वल्ह्यांचे. बाकीचा बदल गोळ्यांचा. टेस्टोस्टेरॉन घेऊन पुरुष म्हणून जगू लागलेला, इतिहासाला माहीत असलेला हा पहिला ट्रान्स पुरुष. गॅरेजातल्या लोकांनी त्याला आधी बाई म्हणून पाहिलंय, म्हणून त्यांच्या तोंडातून ‘ती’ जात नाही.

एक वर्ष मागे चला. १९३९. डॉ. जॉर्ज फॉस पाळीतल्या अतिरक्तस्रावावर टेस्टोस्टेरॉन देऊन पाहताहेत. औषध इतकं नवं आहे की त्याच्या नावालाही चारच वर्षं झालीत. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमला अर्न्स्ट लाकर यांच्या चमूने बैलांच्या वृषणांतून ते वेगळं काढलं, आणि त्याच वर्षी बुटेनांट व रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. दोघांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं ते १९३९ मध्येच. बुटेनांटना नाझी सरकारने ते नाकारायला लावलं. डिलन फॉस यांच्याकडे येतो तो वेगळ्याच कारणासाठी. गोळ्या मिळतात, पण अट असते: आधी मनोविकारतज्ज्ञाला भेट. डिलन भेटतो, मनातलं सगळं सांगतो. तो तज्ज्ञ ते बाहेर बोलतो. बातमी गावभर होते, डिलन गाव सोडतो आणि ब्रिस्टलच्या या गॅरेजात नोकरी धरतो.

आता थोडं धाडस करा आणि काही महिने अशा माणसाच्या जागी उभे राहा. डिलनला रोज काय वाटलं ते मी रचून सांगणार नाही. या वाटेने आज जाणारे जे सांगतात तेवढंच अनुभवा.

पहिल्या आठवड्यांत आरशाला वेड लागतं. सकाळी एकदा, जेवायच्या सुट्टीत एकदा, रात्री एकदा. चेहरा तेलकट होतो, पाठीवर मुरमं येतात, भूक इतकी की जेवून तासाभरात पुन्हा डबा उघडावासा वाटतो. कामेच्छा अशी उसळते की स्वतःचीच लाज वाटावी. पाळी थांबते, साधारण सहा महिन्यांच्या आत, आणि त्या महिन्यात तुम्ही कोणालाही न सांगता पेढे वाटण्याइतके खूश असता. मग आवाज फुटतो. वाक्याच्या मधोमध तो स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखा खरखरतो, आणि पंचविशीच्या माणसाने चौदा वर्षांच्या पोरासारखं खाकरत बसायचं. अनोळखी माणूस ‘साहेब’ म्हणाला की दिवस सोन्याचा. पुढच्याने ‘मॅडम’ म्हटलं की तोच दिवस मातीत.

रडणंही बदलतं. गळा दाटतो, डोळे जड होतात, पण पाणी येत नाही. पूर्वी दहा मिनिटांत मोकळं होणारं मन दोन दिवस कोंडून राहतं. काहींना हे बरं वाटतं, काहींना हरवल्यासारखं. चिडचिड येते, विशेषतः औषधाची पातळी हलते तेव्हा. आज दोन आठवड्यांचं इंजेक्शन घेणाऱ्यांना हा झोका ओळखीचा असतो: पहिले काही दिवस अंगात वारं भरल्यासारखं, शेवटचे काही दिवस मरगळ आणि कपाळावर आठ्या. डॉक्टर मग डोस लहान करून लवकर देतात किंवा जेल सुचवतात, आणि झोका मंदावतो. टेस्टोस्टेरॉन घेतलं की माणूस तापटच होतो, ही ऐकीव समजूत आहे. बरेच जण उलट सांगतात की वर्षभरात डोकं शांत झालं.

डिलनजवळ यातली एकही माहिती नाही. आवाज कधी फुटतो, दाढी यायला किती वर्षं लागतात, ही मरगळ गोळीची की मनाची, हे विचारायचं तर कोणाला? या वाटेने आधी गेलेला कोणी त्याला भेटलेला नाही. तुम्हाला ते सगळं माहीत आहे. पण इतिहासात ढवळाढवळ करायची नाही, हा तुमच्या प्रवासाचा नियम.

२४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी भोंगा वाजतो. ब्रिस्टलवरचा हा पहिला मोठा हवाई हल्ला. जुन्या शहराचा मध्य आणि विद्यापीठाचं ग्रेट हॉल या रात्री जळतं. या हल्ल्यांच्या काळात डिलन गॅरेजचा आग-पहारेकरीही आहे. हे काम कसं असतं ते बघायचं तर छपरावर चढा. वाळूची बादली आणि हातपंप जवळ ठेवा. आगलावे बॉम्ब लहान असतात. एखादा पडला की फुसफुसतो, पांढरा जाळ निघतो आणि वाळू टाकायला फार वेळ मिळत नाही. अशा वेळी शेजारी उभ्या माणसाच्या जन्मदाखल्यावर काय लिहिलंय, हे विचारायला कोणाला सवड नसते.

काही काळाने पुन्हा त्याच पंपावर या. कूपन काढा आणि कान द्या. “त्याच्याकडे द्या,” असा आवाज येतो. झालंय ते एवढंच: तुमच्यासारखी गिऱ्हाइकं गोंधळतात म्हणून मॅनेजरने ताकीद दिली आहे की डिलनला ‘तो’ म्हणायचं. हेतू धंद्याचा आहे. पण गोळ्यांनी महिनोन्‌महिने जे काम केलं होतं, त्यावर शिक्का बसतो तो या ताकिदीने.

पुढची वर्षं भरभर ओलांडा. १९४२ मध्ये छातीची शस्त्रक्रिया. १९४४ मध्ये जन्मदाखल्यावर नवं नाव: लॉरेन्स मायकेल. मग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकीचं शिक्षण, आणि सुट्ट्यांमध्ये प्लास्टिक सर्जन हॅरल्ड गिलीज यांच्या टेबलावर किमान तेरा शस्त्रक्रिया. १९४६ मध्ये त्याचं ‘सेल्फ’ हे पुस्तक येतं. स्वतःबद्दल त्यात चकार शब्द नाही, पण मुद्दा रोखठोक आहे: मन शरीराप्रमाणे बदलत नसेल तर शरीर मनाप्रमाणे बदलावं.

१९५८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या बंदरात थांबा. डिलन आता जहाजावर डॉक्टर आहे. त्याचा भाऊ सरदार घराण्याचा बॅरोनेट. घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या दोन ग्रंथांपैकी एकात मायकेल वारस म्हणून छापलाय, दुसऱ्यात त्याच जागी बहीण. वर्तमानपत्रांनी ती तफावत हेरली आहे. वीस वर्षांपूर्वी गावभर झालेली गोष्ट या वेळी जगभर होते.

तो भारतात येतो. कालिंपोंग, सारनाथ, मग लडाखमधला रिझोंग मठ. तिथे त्याचं नाव लोबझांग जीवक. जीवक म्हणजे बुद्धाचा वैद्य. १५ मे १९६२ ला डलहौसीत, वयाच्या ४७ व्या वर्षी त्याचा मृत्यू होतो. आत्मचरित्र छापून येतं ते २०१७ मध्ये.

आता परत या. तुमच्या घरात, वर्गात किंवा ऑफिसात कोणी हे औषध सुरू केलं असेल, तर डोस आणि रक्ततपासण्या एंडोक्रिनॉलॉजिस्टवर सोडा. तो झोका सावरणं त्यांचं काम आहे. तुमच्या वाट्याला दोनच कामं येतात. त्याने सांगितलेल्या नावाने त्याला हाक मारा, आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट पोटात ठेवा. डिलनला गोळ्यांनी दगा दिला नाही. त्याला दोनदा परागंदा केलं ते लोकांच्या तोंडाने.