खेकडं आणि अळंबी

सोलापुराहून तुळजापूरला निघालं की रस्त्यावरच आमचं तामलवाडी लागतं. इथून समुद्र लई लांब. कोकणातल्या माणसाला तिसऱ्या, कालवं, शिंपल्या हाताशी असतात. आमच्याकडं कवचाचं खाणं म्हणजे ओढ्यातलं खेकडं, एवढंच. आणि पहिल्या पावसात वीज कडाडली की बांधावरच्या वारुळाला अळंबी फुटायची. ज्यांचं पोट मजुरीवर, त्यांच्या घरात आषाढात ज्वारी तळाला गेलेली असायची. त्याच दिवसांत ही दोन्ही फुकटची खाणी यायची. म्हणून गावात या दोन्हींना मान नव्हता. पाहुणा आला की खेकड्याचं गाडगं झाकून ठेवायचे.

आमच्या घरात तर आजी माळकरी. तिच्या चुलीवर खेकडं चढत नसे. वडलांना खायची इच्छा झाली तर अंगणात तीन दगड मांडायचे, मडकं वेगळं, पळी वेगळी. अळंबीवरही आजीचा विश्वास नव्हता. "कुत्र्याची छत्री का काय, कुणाला ठाव!" म्हणायची. वडील रात्री टेंभा घेऊन ओढ्याला जायचे. उजेड पडला की खेकडं जागीच थबकतं, तेवढ्यात पाठीमागून धरायचं. नांग्या बाजूला काढून ठेवायच्या, बारीक पाय पाट्यावर ठेचायचे, पाण्यात कालवून गाळायचे. त्या पाण्याचाच रस्सा. उकळी आली की तो आपोआप दाट व्हायचा.

१९७२ साली पाऊस रुसला. मी तेव्हा पाचवीत होतो. पाऊसच नाही तर अळंबी कुठली? वारुळं नुसती उघडी पडलेली. गावोगाव खडी फोडायची कामं निघाली. कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो. तिच्या भाकरीला चव नव्हती, पण पोट भरायचं. त्याच वर्षी माझी धाकटी बहीण झाली. आई बाळंतपणातून उठली ती पांढरीफटक. उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. अंगावर दूध नव्हतं. घरची म्हैस तर आधीच विकलेली.

एका संध्याकाळी आजीच वडलांना म्हणाली, "ओढ्याच्या कडंला बिळं उकर. ओल असंल तिथं खेकडं असंल. बाळंतिणीला रस्सा कर."

वडील तिच्या गळ्यातल्या माळेकडं बघत राहिले. आजी म्हणाली, "माळ माझ्या गळ्यात हाय, तिच्या नव्हं. आन् अंगणात कशाला, चुलीवरच ठेव. वारं लई हाय."

ओढा कोरडा ठाक होता. वडलांनी कोपरभर खणलं तेव्हा कुठं चिखल लागला, आणि चार खेकडी निघाली. आईनं रस्सा प्यायला. आजी त्या रात्री दारात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं चूल सारवली, पण तोंडातून शब्द काढला नाही. पुढं उन्हाळाभर आठ-पंधरा दिवसांनी वडील बिळं उकरायला जायचे. बहीण जगली, आता तिला नातवंडं आहेत. ती खेकड्यानं जगली असं मी म्हणणार नाही. सुकडीनं, मिलोनं आणि आईच्या हिमतीनं जगली. पण आजीचा अंदाज चुकीचा नव्हता, हे मला पुढं वाचून कळलं.

खेकड्याच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे १८ ग्रॅम प्रथिनं असतात. ताज्या अळंबीत जेमतेम ३, कारण तिच्यात दहातले नऊ भाग पाणीच. तीच अळंबी वाळवली की पाणी जातं आणि तेवढ्याच वजनात प्रथिनं कितीतरी पट भरतात. म्हणून ताज्याची वाळलेल्याशी तुलना करून कुणी 'अळंबी मटणाच्या वरचढ' म्हणालं तर फसू नये. रक्त तयार व्हायला लागणारं बी-१२ जीवनसत्त्व खेकड्यात, शिंपल्यात भरपूर, अळंबीत नसल्यातच जमा. जस्तही खेकड्यातच जास्त. उलट अळंबीत चोथा आहे, खेकड्याच्या मांसात तो नाही. आणि अळंबी उन्हात ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. गंमत म्हणजे खेकड्याचं कवच आणि अळंबीचं अंग, दोन्हीत कायटिन नावाचा एकच पदार्थ असतो. एकाचं आपण फेकतो, दुसरीचं खातो.

दोन्हींत धोकाही आहे. खोकल्यावर खेकड्याचा रस कच्चाच पाजायचा, असं काही जण सांगतात. ते करू नये. कच्च्या खेकड्यातून फुफ्फुसात कृमी जातात आणि खोकला जायच्या ऐवजी रक्त पडायला लागतं. रानातल्या अळंबीचं तर आजीचंच खरं. चांदीचं नाणं काळं पडतं का, कांदा काळा होतो का, या परीक्षा खोट्या आहेत. विषारी छत्री शिजवूनही विषारीच राहते. पक्की ओळख नसंल तर हात लावू नये.

आता ओढ्याला खेकडं क्वचित दिसतं. बोअर खोल गेले, ओढ्याचं पाणी लवकर आटतं, फवारणीचं औषध वाहून त्यातच येतं. बांध कोरले तशी वारुळंही गेली. माझा पोरगा सोलापुराहून डब्यातली पांढरी अळंबी आणतो. सोयाबीनच्या भुसावर धिंगरी अळंबी घेणारी पोरंही आता निघाली आहेत. तिचा आकार शिंपल्यासारखा, म्हणून तिला शिंपला अळंबी असंही म्हणतात. माळकऱ्यालाही ती चालते. फक्त बी-१२ साठी दूध-दही ताटात ठेवावं.

कोण श्रेष्ठ, असं विचारलं तर वजनाला वजन खेकडंच भारी. पण त्या वर्षी आमच्या घरात त्याचं मोल ठरवलं ते ज्या बाईनं ते जन्मात कधी खाल्लं नाही तिनं. ज्याला गरज आहे त्याच्या ताटात काय पडतं ते बघावं, आपल्या ताटाचा नेम आपल्यापाशी. आजी शाळेत कधी गेली नव्हती, तरी हे तिला कळत होतं.