पोट उघडलेच आहे, तर आंत्रपुच्छही काढावे काय?

१/ १२ जानेवारी १९२४ ची रात्र. येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलेल्या महात्मा गांधींचे आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, कर्नल मॅडॉक यांनी काढले. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले.

२/ गांधींचे आंत्रपुच्छ सुजलेले होते. पण ते निरोगी असताना, दुसऱ्याच शस्त्रक्रियेच्या ओघात काढावे काय? कर्करोगामुळे मूत्राशय काढताना हा प्रश्न हमखास उभा राहतो. आजचा धागा त्याच्या इतिहासाचा.

३/ योगायोग असा, की आंत्रपुच्छ काढल्याची पहिली ज्ञात नोंदही अशाच जोडकामाची आहे. १७३५ मध्ये लंडनला क्लॉडियस अम्यांड एका ११ वर्षांच्या मुलाचा हर्निया दुरुस्त करीत होते. हर्नियाच्या पिशवीत त्यांना टाचणीने भोक पडलेले आंत्रपुच्छ सापडले. मुलगा वाचला.

४/ १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या विकाराचे नेमके वर्णन करून वेळीच शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. आंत्रपुच्छ फुटले तर प्राणावर बेतते, ही धास्ती रुजली. मग पोट उघडलेच आहे, तर पुढचा धोका आजच का टाळू नये, असा विचार पुढे आला.

५/ १९५० मध्ये अमेरिकेच्या यूजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या तुकड्यातून मूत्राला नवी वाट करून देण्याची पद्धत मांडली. आंत्रपुच्छ त्या भागालगतच असते. शिवाय अशा पोटावर पुन्हा शस्त्रक्रिया करणे कठीण. म्हणून अनेक शल्यविशारद मूत्राशयासोबत तेही काढू लागले.

६/ १९८० मध्ये मात्र दृष्टी पालटली. फ्रान्सच्या पॉल मित्रोफानॉफ यांनी आंत्रपुच्छाचीच नळी करून ती त्वचेपासून मूत्राशयापर्यंत जोडली. निरुपयोगी मानलेला अवयव मूत्रमार्ग झाला! एकदा फेकलेले आंत्रपुच्छ परत मिळत नाही, याची जाणीव तेव्हापासून तीव्र झाली.

७/ ‘हिंद स्वराज’मध्ये (१९०९) डॉक्टरी पेशावर कठोर टीका करणाऱ्या गांधींनी १९२४ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती दिली आणि मॅडॉक यांच्यावर विश्वास व्यक्त केला. ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली.

८/ ती संमती एका आजारी अवयवापुरती होती. निरोगी अवयव काढायचा, तर रुग्णाला विचारणे अधिकच अगत्याचे. कारण भूल दिल्यावर तो बोलू शकत नाही. ‘जाता जाता’ केलेले कामही त्याच्याच देहावर होत असते.