फत्तेसिंह भोसले, अक्कलकोटकर

फत्तेसिंह भोसले (मृत्यू १७६०) : अक्कलकोट संस्थानाचे मूळ पुरुष आणि छत्रपती शाहूंचे मानसपुत्र. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू दक्षिणेत येत असता औरंगाबाद प्रांतातील पारद गावी त्यांना अडथळा झाला. चकमकीत गावचे पाटील लोखंडे पडले, तेव्हा त्यांच्या विधवेने राणोजी नावाचे आपले मूल महाराजांच्या पायांवर घालून अभय मागितले. पहिल्याच विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवण्यात आले, शाहूंच्या उपपत्नी विरूबाईंनी त्याचे पुत्रवत् संगोपन केले, आणि अक्कलकोटचा मुलूख त्यास जहागीर मिळाला.

कर्नाटकच्या १७४०–४१ च्या स्वारीत, जीत अर्काटचा नवाब दोस्तअली मारला गेला व त्रिचनापल्ली हस्तगत झाली, फत्तेसिंह अग्रभागी होते. पराक्रमाचे श्रेय मात्र बहुतांशी रघूजी भोसल्यांकडे जाते. १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले, तेव्हा सातारची गादी रामराजास मिळाली. फत्तेसिंहांकडे जहागीर तेवढी राहिली.

अशी जहागीर म्हणजे सरंजाम. सरंजाम चाकरीबद्दलचा व धन्याच्या मर्जीचा, वतन वंशपरंपरेचे, हा भेद कागदोपत्री स्पष्ट होता. पण दोन-तीन पिढ्या सनदा नव्या होत गेल्या, की सरंजामही वतनाच्याच वाटेने जाई. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन सरदारांच्या जमिनींचेही असेच झाले : घोडदळाच्या चाकरीसाठी दिलेली जमीन वारस नजराणा भरून सोडवून घेई, आणि पुढे ती थोरल्या मुलाकडेच जाऊ लागली. दत्तकाची सोय मात्र तिकडच्या कायद्यात नव्हती. पुत्र नसल्यास मुली व जावई पुढे येत. अक्कलकोटास फत्तेसिंहांमागे दत्तक शहाजी बसले, आणि ज्या घराण्याचा आरंभच परक्याचे मूल आपले म्हणण्यात झाला, त्यात हे कोणास वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

१८२० च्या करारान्वये ही जहागीर सातारच्या अधिपत्याखाली कायम झाली. सातारचे राज्य खालसा झाल्यावर ती इंग्रजांची मांडलिक बनली. चाकरीचे स्वार १८६८ मध्ये मोडून त्यांऐवजी सालीना १४,५९२ रुपये ठरले. संस्थानाचे क्षेत्र सुमारे ४९८ चौरस मैल होते, आणि मुख्य प्रदेशापासून तुटलेला माळशिरसकडील पिलीवचा भागही त्यात मोडे. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन अक्कलकोट सोलापूर जिल्ह्याचा तालुका झाले. जुन्या शस्त्रांचा संग्रह तेथील राजवाड्यात आहे.